तोंडी सांगितलंत, आता लिहून द्या

जाहिरातीत धडधडीत खोटं फार कमी सापडतं. खोटं पकडता येतं, त्यावर दंड बसतो. त्यामुळे बहुतेक दिशाभूल होते ती अर्ध्या सत्यानं. ‘स्टेशनपासून ५ मिनिटं’ हे खरं असतं, पण गाडीनं आणि रस्ता रिकामा असताना. ‘५०% पर्यंत सूट’ हेही खरं असतं, पण एका रॅकवरच्या उरलेल्या मालापुरतं. ‘घरबसल्या महिना ५० हजारांपर्यंत कमाई’ या ओळीमागेही एखाद्यानं एखाद्या महिन्यात तेवढे मिळवलेले असतात. वाक्याचा जो भाग आपल्या कामाचा, तो चुकून राहिलेला नसतो, गाळलेला असतो.

कायदा या गाळण्यालाही दिशाभूलच म्हणतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं त्यात स्पष्ट नमूद केलं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दावा ज्या भाषेत आणि ज्या अक्षरांत, खुलासाही त्याच भाषेत आणि त्याच अक्षरांत हवा. म्हणजे मोठ्या मराठी अक्षरांतल्या वचनाखाली मुंगीएवढ्या इंग्रजीत अटी छापल्या असतील, तर ती तक्रारीची बाब आहे. हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

पण कायदा येतो तो पैसे गेल्यावर. त्याआधी आपल्या हातात काय आहे? माझ्या मते एक सवय पुष्कळ काम करते: जे तोंडी सांगितलं जातं ते लिहून मागायचं. भांडायचं नाही, संशय दाखवायचा नाही. “तुम्ही आत्ता जे सांगितलंत ते लिहून देता का?” एवढंच विचारायचं. ज्याचं वचन खरं आहे त्याला या प्रश्नानं काही फरक पडत नाही. बाकीच्यांचं वाक्य तिथल्या तिथे बदलतं. ‘नक्की’चं ‘साधारण’ होतं, ‘गॅरंटी’चं ‘आत्तापर्यंत तरी कधी कमी आलेलं नाही’ होतं.

एक उदाहरण जवळून पाहू. आमच्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका मुदत संपलेली एफडी पुढे चालू ठेवायला बँकेत गेल्या. काउंटरवरच्या मुलानं त्यांना आत साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी चहा मागवला. “काकू, एफडीत आता काय मिळतं? ही योजना घ्या. दहा वर्षं दर वर्षी एक लाख भरायचे, वीस वर्षांनी वीस लाख हातात. पैसे दुप्पट, गॅरंटीड, आणि बँकेचंच आहे, काळजी करू नका.” काकूंनी सही केली. त्यांचं वय तेव्हा एकसष्ट होतं. पैसे हातात येणार ते एक्याऐंशीव्या वर्षी, हा हिशोब त्या टेबलावर कुणी मांडला नाही.

आता आकडे पाहा. भरले दहा लाख, मिळणार वीस लाख. ‘दुप्पट’ हा शब्द खरा आहे. पण पहिला लाख वीस वर्षं अडकतो आणि शेवटचा अकरा वर्षं. याचा वार्षिक परतावा काढला तर तो साधारण साडेचार टक्के पडतो. शिवाय ही योजना एफडी नव्हतीच. विमा कंपनीची पॉलिसी होती आणि बँक फक्त विकणारी मध्यस्थ. त्यात विमा संरक्षणाची काही किंमत असते हे मान्य. पण मग ती विमा म्हणून विकावी. ज्या बाईंवर आता कुणी अवलंबून नाही, त्यांना एफडीच्या जागी ती देणं हा अन्याय आहे, आणि बँकेवरच्या आयुष्यभराच्या विश्वासाचा असा वापर होतो याची मला फार चीड येते.

काकूंच्या मुलीनं बँकेत फोन करून म्हटलं, “आईला जे सांगितलंत ते बँकेच्या ईमेलवरून पाठवा.” उत्तर आलं, “ब्रोशर पाठवतो.” ब्रोशरमध्ये ‘बँकेचंच आहे’ कुठेच नव्हतं. मग तिनं पॉलिसीचे कागद काढले. पॉलिसीची कागदपत्रं हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. याला ‘फ्री लुक’ म्हणतात. वैद्यकीय तपासणी, मुद्रांक शुल्क आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीची रक्कम वजा करून बाकी पैसे परत मिळतात. ते मिळाले.

अशा वेळी मागायचा कागद म्हणजे ‘बेनिफिट इलस्ट्रेशन’, अर्थात कोणत्या वर्षी किती भरायचे आणि किती मिळणार याचा तक्ता. त्यावर ग्राहकाची सही घेतात, म्हणून तो सहीच्या गठ्ठ्यात असतोच. फक्त वाचू दिला जात नाही. बोनसवाल्या पॉलिसीत ४% आणि ८% परतावा गृहीत धरून केलेले दोन रकाने असतात. विकणारा बोट ठेवतो ते ८% वर. तुम्ही ‘हमी असलेली रक्कम’ हा रकाना शोधा आणि तेवढेच मिळतील असं धरून निर्णय घ्या. कागद घरी आणायचा, एक रात्र जाऊ द्यायची. ‘ऑफर आजच संपते’ असं कुणी म्हणालं तर ती संपू द्यावी.

समोरचा लिहून देत नसेल तर आपण लिहावं. घरी येऊन त्याला मेसेज किंवा ईमेल करावा: ‘आज आपण सांगितल्याप्रमाणे पाच वर्षांनी रक्कम कोणत्याही कपातीशिवाय काढता येईल आणि दर वर्षी ७% परतावा निश्चित आहे, असं मी समजतो. यात काही चूक असल्यास कळवावे.’ पुढे वाद झाला तर या दोन ओळी पुरावा म्हणून कामाला येतात. आणि बरेचदा वाद होण्याआधीच खरं उत्तर येतं.

कर्जाच्या बाबतीत हा कागद आता सक्तीचा आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वैयक्तिक, वाहन, घर अशा किरकोळ कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावंच लागतं, आणि तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात ‘एपीआर’ म्हणजे सगळे खर्च धरून पडणारा वार्षिक दर असतो. तेवढा एक आकडा बघितला तरी चालेल. ‘फक्त १०% फ्लॅट’ म्हणून एक लाख रुपये तीन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता ३,६११ रुपये येतो आणि खरा दर अठरा टक्क्यांच्या आसपास जातो. कारण मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर मोजलेलं असतं. ‘शून्य टक्के व्याज’ या प्रकाराबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच सांगितलं होतं की असं कर्ज अस्तित्वात नसतं. व्याज कुठेतरी दुसरीकडे घातलेलं असतं. दुकानात ‘नो कॉस्ट ईएमआय’ दिसला की आधी रोखीची किंमत विचारा. फोन रोखीनं २८,५०० ला आणि हप्त्यानं ३०,००० ला असेल, तर ते दीड हजार म्हणजेच व्याज. प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी वेगळा.

इथे एक शंका रास्त आहे. लिहून तर फसवणारेही देतात. ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर, शिक्का मारून, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी देतात. पुढच्या तारखांचे चेकही देतात. म्हणून नुसता कागद पुरत नाही. देणाऱ्याला सोडून तिसऱ्या कुणाकडे तो तपासता आला पाहिजे.

सांगली जिल्ह्यातल्या तेव्हाच्या इस्लामपूरचं कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण आठवा. २०१९ मध्ये ते उघड झालं. योजना कागदावर निर्दोष वाटत होती: शेतकऱ्यानं पैसे भरून पक्षी घ्यायचे, अंडी आणि पक्षी कंपनी विकत घेणार. बाजारात ती अंडी त्या भावानं खरंच कोण घेतं, हा प्रश्न कागदाबाहेर राहिला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत दादरला ‘टोरेस’च्या शोरूमसमोर पैसे अडकलेल्या लोकांची गर्दी झाली, तेव्हाही तेच. खडे आणि दागिने विकत घ्या, दर आठवड्याला परतावा घ्या, हे वचन काही महिने पाळलंही गेलं होतं.

सगळ्यात घातक असतं ते हे पाळणंच. आपल्याला योजना सांगणारा शेजारी किंवा मेहुणा खोटं बोलत नसतो. त्याच्या खात्यात खरंच पैसे आलेले असतात. ते आलेले असतात त्याच्या मागून भरणाऱ्यांच्या खिशातून. त्यामुळे माणसाचा प्रामाणिकपणा हा योजनेचा पुरावा धरू नये. गणित करावं. महिना दहा टक्के म्हणजे काय? एक लाख रुपये मिळकतीसकट फिरवत ठेवले तर वर्षात तीन लाख चौदा हजार होतात आणि पाच वर्षांत तीन कोटींच्या वर जातात. असा धंदा ज्याच्याकडे आहे तो तुमच्या एक लाखासाठी सोसायटीच्या हॉलमध्ये मीटिंग कशाला घेईल?

तपासायच्या जागा ठरलेल्या आहेत. ठेवी घेणारी संस्था असेल तर रिझर्व्ह बँकेचं ‘सचेत’ संकेतस्थळ, शेअर बाजाराशी संबंधित सल्लागार असेल तर सेबीची नोंदणी. ‘आमची कंपनी रजिस्टर्ड आहे’ याला अर्थ नाही. कंपनी नोंदवता कुणालाही येते; लोकांकडून ठेवी गोळा करायची परवानगी ही वेगळी गोष्ट आहे. परवानगीशिवाय ठेवी गोळा करणं २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यानं गुन्हा आहे, आणि महाराष्ट्रात १९९९ पासून ठेवीदारांच्या हितसंबंधांचं संरक्षण करणारा एमपीआयडी कायदाही आहे. पैसे अडकले तर आर्थिक गुन्हे शाखेत लवकर जावं. ‘थोडं थांबा, सगळं परत मिळेल’ असं सांगणारेच त्या काळात मालमत्ता हलवत असतात.

घराच्या जाहिरातीत हे तपासणं त्यामानानं सोपं झालं आहे. महारेरा या गृहप्रकल्पांच्या नियामक प्राधिकरणाच्या नोंदणी क्रमांकाशिवाय जाहिरात करता येत नाही आणि १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही लागतो. तो स्कॅन केला की प्रकल्पाच्या पूर्णत्वाची तारीख, मंजूर नकाशे, जमिनीवरचे दावे असं पुष्कळ काही समोर येतं. जलतरण तलाव आणि क्लबहाउस ज्या टप्प्यात दाखवलं आहे तो टप्पा नोंदवलेलाच नाही, असंही कधी आढळतं. सॅम्पल फ्लॅटमध्ये उभं राहून जे सांगितलं जातं त्यातलं करारनाम्यात काय आलं, ते ओळ न ओळ बघा. सोयी कोणत्या आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे जोडपत्रात घालून घ्या. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या १०% पेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले असतील तर रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार भरपाई मागता येते, म्हणून माहितीपत्रक टाकून देऊ नका. ते रद्दीत गेलं की पुरावा गेला.

खाण्यापिण्याच्या वस्तूंवर लेखी वचन आपोआप मिळतं. पाकिटाची पुढची बाजू जाहिरातीची, मागची कायद्याची. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. ‘मल्टिग्रेन’ बिस्किटाच्या मागे पहिला शब्द मैदा असेल तर ते मैद्याचं बिस्कीट आहे. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विक्रेत्यांना बोर्नव्हिटासारखी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढायला सांगितली, कारण अन्नसुरक्षा कायद्यात असा वर्गच नाही. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसांवरून ‘१००% फळांचा रस’ हा दावा काढण्याचा आदेश निघाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये गोड पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरण्याची मुभा काढून घेण्यात आली. हा शेवटचा आदेश घरात लहान मूल असलेल्या प्रत्येकानं लक्षात ठेवावा. जुलाब झालेल्या मुलाला साखरेचं पेय पाजणं धोक्याचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेली ओआरएसची पुडीच घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत मिळते.

औषधांबद्दल थोडक्यात. मधुमेह, कर्करोग, लठ्ठपणा, मोतीबिंदू, मिरगी बरी करण्याची किंवा उंची वाढवण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. त्यामुळे एसटी स्टँडच्या भिंतीवर, पुरवणीच्या कोपऱ्यात किंवा मोबाइलवर असा दावा दिसला, तर औषध चांगलं की वाईट हा विचारच नको. ती जाहिरात बेकायदा आहे.

बातम्यांकडे येऊ. ‘होणार’, ‘मिळणार’, ‘लवकरच’ हे शब्द मथळ्यात दिसले की बातमी घडलेली नसते, कुणीतरी बोललेलं असतं. कोण बोललं, कोणत्या पदावरून, आणि त्याच गोष्टीची घोषणा आधी कधी झाली होती, हे तीन प्रश्न पुरतात. छापील पानावरचा मजकूर बातमी आहे की पैसे देऊन छापून आणलेला, हेही बघावं लागतं. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीच्या वेळी एकाच नेत्यावरचा शब्दशः सारखा मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वर्तमानपत्रांत बातमी म्हणून आला होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते पुराव्यासह मांडलं आणि ‘पेड न्यूज’वर देशभर चर्चा झाली. पानाच्या कोपऱ्यात ‘जाहिरात’, ‘प्रायोजित’, ‘उपक्रम’ असं काही बारीक लिहिलं आहे का, हे पाहण्याची सवय तेव्हापासून तरी लागायला हवी होती.

सार्वजनिक जीवनातली वचनं वेगळी वाटतात, पण तीही कागदावर तपासता येतात, आणि हे फार कमी लोक करतात म्हणून इथे थोडं सविस्तर सांगतो. गावाला जोडणारा पूल ‘मंजूर झाला’ असा फलक चौकात लागतो. मंजुरी म्हणजे नेमकी कोणती? सरकारी कामाला ‘तत्त्वतः मान्यता’ मिळते तेव्हा फक्त कल्पना पटलेली असते; पैसा नसतो. त्यानंतर अंदाजपत्रक, मग ‘प्रशासकीय मान्यता’, तिच्यात रक्कम येते. मग ‘तांत्रिक मान्यता’, अर्थसंकल्पात तरतूद, निविदा आणि शेवटी ‘कार्यारंभ आदेश’. फलक यातल्या कोणत्याही पायरीवर लागू शकतो. बरेचदा पहिल्याच पायरीवर लागतो, आणि पुढच्या प्रत्येक पायरीवर नव्यानं लागतो. एकाच पुलाची बातमी पाच वेळा वाचून लोकांना पाच कामं झाल्यासारखी वाटतात. तरतुदीचंही तेच. कोट्यवधींच्या कामासमोर अर्थसंकल्पात नाममात्र आकडा असू शकतो. काम यादीत आहे हे खरं, त्या वर्षी ते होणार नाही हेही खरं.

राज्य सरकारचे शासन निर्णय, म्हणजे लोक ज्यांना जीआर म्हणतात ते, सरकारच्या संकेतस्थळावर विभागवार मिळतात. प्रत्येकाला स्वतंत्र सांकेतांक असतो. पुढारी म्हणाले ‘जीआर निघाला’, तर क्रमांक आणि तारीख विचारा आणि उघडून वाचा. अटी शेवटच्या परिच्छेदांत असतात: कोण पात्र, कोणत्या तारखेपासून, खर्च कोणत्या लेखाशीर्षातून. ग्रामसभेत किंवा वॉर्डातल्या बैठकीत ‘पूल कधी होणार?’ असं विचारलं तर ‘लवकरच’ हेच उत्तर येणार. ‘कार्यारंभ आदेश कोणत्या तारखेचा आहे?’ असं विचारलं तर उत्तर तारीख तरी असतं किंवा शांतता.

उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहे. जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज करायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा भाषण लिहू नये. ‘अमुक पुलाच्या कामाच्या प्रशासकीय मान्यतेची प्रत, चालू वर्षात प्रत्यक्ष मिळालेला निधी आणि कार्यारंभ आदेशाची प्रत मिळावी’ एवढं पुरे. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ‘का झालं नाही’ असं विचारू नका. त्याचं उत्तर देणं त्यांना बंधनकारक नाही. कागद मागा.

घरातल्या वडीलधाऱ्यांशी या विषयावर बोलताना आवाज चढवू नये, असं मला मनापासून वाटतं. फसलेला माणूस आधीच शरमलेला असतो. ‘तुम्हाला कुणी सांगितलं होतं?’ हे वाक्य ऐकलं की पुढच्या वेळी तो काहीच सांगत नाही, आणि पैसे परत मिळवण्याची मुदत निघून जाते. त्यापेक्षा आधीच ठरवून घ्यावं: पन्नास हजारांच्या वरची कोणतीही सही घरातल्या आणखी एकानं कागद वाचल्याशिवाय होणार नाही. बाबांनी, आजींनी विक्रेत्याला सरळ सांगावं, “मुलीला दाखवून कळवतो.”

इतकं करूनही फसवणूक झाली, तर सुरुवात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करावी. तिथे मराठीतही बोलता येतं. बऱ्याच तक्रारी कंपनीकडे पाठवल्यावरच सुटतात. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० वर तातडीनं फोन करावा. पहिले काही तास फार महत्त्वाचे असतात. विम्यासाठी विमा लोकपाल आहेत, मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत आणि तक्रारीला शुल्क नाही. कशानंच काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. कंपनी दिल्लीची असली तरी. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. सोबत जाहिरातीचं कात्रण किंवा तारखेसह स्क्रीनशॉट, पावती, आणि तुम्ही पाठवलेला तो ‘आज आपण सांगितल्याप्रमाणे’चा मेसेज जोडावा.